पंधरा हंगामांचे फोटो: खानापुरातील एका स्टुडिओचे बॅकअप प्रकरण

जून २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात जांबोटी भागातील एक बाई खानापुरातील एका फोटो स्टुडिओत आल्या. चार दिवसांपूर्वी त्यांचे यजमान वारले होते आणि बाराव्याच्या आत भिंतीवर लावण्यासाठी त्यांचा फोटो हवा होता. आधार कार्डावरचा फोटो मोठा करण्याजोगा नव्हता आणि एकट्याचा असा दुसरा फोटो त्यांनी कधी काढूनच घेतला नव्हता. मात्र २०१२ साली पुतण्याच्या लग्नात ते फेटा बांधून सगळ्यांच्या कडेला उभे होते, हे बाईंना आठवत होते आणि स्टुडिओच्या मालकांनाही. मालकांनी मुलाला ते लग्न शोधायला सांगितले. फोल्डर सापडले, नेमकी फाइलही सापडली. पण ती उघडली तेव्हा मांडवाची झालर, मागच्या रांगेतील डोकी आणि कडेचा तो फेटा एवढे चित्र स्वच्छ होते आणि त्याखाली थेट तळापर्यंत करडा पट्टा होता. जेपेग फाइल वरून खाली क्रमाने उलगडत जाते, त्यामुळे तिच्यातला मधला तुकडा वाचता आला नाही की पुढचे सगळे चित्र असे करडे पडते.

दुसऱ्या दिवशी मुलगा ती फाइल असलेली हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून बेळगावला, शहापुरातील माझ्या दुकानात घेऊन आला. संगणक दुरुस्ती हा माझा व्यवसाय असून या भागातील बऱ्याच फोटोग्राफरांची यंत्रे माझ्याकडे येतात. "सर, रात्रीपास्नं टकटक आवाज येऊलाय," असे सांगून त्याने डिस्क काउंटरवर ठेवली आणि लगेच विचारले, "आता नवीन कुठली घ्यायची?" प्रस्तुत प्रकरण या दुसऱ्या प्रश्नाचे आहे. त्याचे उत्तर पाच मिनिटांत देता आले असते आणि बहुतेक दुकानांत ते तसेच दिले जाते. आम्हाला त्याला तीन आठवडे लागले, कारण कोणते उपकरण घ्यायचे हे त्या उपकरणाच्या खोक्यावरील आकड्यांवरून ठरत नव्हते. ते स्टुडिओतील दोन माणसांच्या रोजच्या हालचालींवरून ठरणार होते.

हाती काय होते

वडिलांनी धंदा सुरू केला तो रोलच्या काळात. डिजिटल कॅमेरा २००९ मध्ये आला. पहिली तीन वर्षे प्रत्येक लग्नाची डीव्हीडी करून ठेवली जात होती. २०१२ मध्ये १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली, २०१६ मध्ये २ टीबीची दुसरी, आणि २०२० पासूनचे काम संगणकाच्या आतील ४ टीबीच्या डिस्कवर होते. याखेरीज एका बिस्किटांच्या डब्यात वीस-बावीस पेन ड्राइव्ह होते, ज्यांत काय आहे हे डब्याच्या झाकणावर पेनने लिहिलेले होते आणि ते अर्धे पुसले गेले होते.

ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत स्टुडिओत गुडघाभर पाणी शिरले होते. खालच्या खणातील निगेटिव्ह आणि बरेचसे अल्बम त्यात गेले, पण हार्ड डिस्क वरच्या फळीवर असल्यामुळे वाचल्या. त्या दिवसापासून वस्तू उंच ठेवली की ती सुरक्षित, अशी घरात समजूत झाली. पाण्यापुरती ती खरीही आहे. परंतु डिस्क पाण्याने जितक्या मरतात त्यापेक्षा कितीतरी अधिक नुसत्या वयाने मरतात, आणि २०१२ ची डिस्क फळीवर कोरडी बसूनच बारा वर्षांची झाली होती.

खरी अडचण आणखी वेगळी होती. ही दोन माणसे पोर्टेबल डिस्कला 'बॅकअप' म्हणत असत, पण संगणकात जागा कमी पडू लागली की जुने फोल्डर डिस्कवर टाकून संगणकावरून पुसत असत. म्हणजे कोणत्याही फोटोची प्रत कधीच एकापेक्षा जास्त नव्हती. ती फक्त एका घरातून दुसऱ्या घरात राहायला गेली होती. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी सात-आठ फोटोग्राफरांचा बॅकअप असाच असतो, आणि चूक त्यांची म्हणवत नाही, कारण विकणारेही त्या वस्तूला 'बॅकअप डिस्क' म्हणूनच विकतात.

आलेल्या डिस्कच्या स्वतःच्या नोंदी, ज्यांना स्मार्ट नोंदी म्हणतात, त्या पाहिल्या तेव्हा बदली केलेल्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवर माहिती लिहिण्याच्या लहान कप्प्यांचा, आकडा वाढलेला होता आणि वाचण्याच्या प्रतीक्षेत अडकलेले सेक्टरही बरेच होते. अशा डिस्कवर फोल्डर उघडून एकेक फाइल कॉपी करत बसणे धोक्याचे असते, कारण दर वाईट सेक्टरपाशी डिस्क पुन्हा पुन्हा तीच जागा वाचू पाहते आणि त्या झटापटीत शेवटचे अवसान संपते. त्यामुळे डीडीरेस्क्यू या मुक्त प्रणालीने आधी सोपा भाग सबंध उतरवून घेतला आणि मग अवघड जागांकडे परत फिरलो. चार दिवसांनी सुमारे ८० हजार फाइलींपैकी साडेतीनशेच्या आसपास वगळता सगळ्या परत आल्या. बाईंच्या यजमानांची फाइल त्या साडेतीनशेंत होती. अखेरीस पुतण्याच्या सासुरवाडीला, गोव्यात साखळीला, त्या लग्नाचा छापील अल्बम होता. त्यातील पानाचा फोटो मोबाइलवर मागवून त्यावरून फ्रेम तयार झाली. ती चांगली झाली नाही, पण बाराव्याला भिंतीवर होती.

किती जागा लागेल

सर्व उपकरणांवरील फोल्डरांची बेरीज ३.४ टीबी आली. एकच लग्न तीन ठिकाणी, 'नवीन', 'नवीन २' आणि 'फायनल फायनल' अशा नावांनी ठेवलेले सापडत होते. दुहेरी फाइली काढल्यावर उरले २.४ टीबी.

पुढच्या वाढीचा हिशोब मात्र सवयींवर अवलंबून होता. वर्षाला लहानमोठी वीस कार्ये होतात. त्यात लग्ने, साखरपुडे, बारशी, दोन-तीन गावच्या यात्रा आणि एखाद्या वर्षी बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे काम. एका कार्याचे साधारण २,००० फोटो धरले, आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची जेपेग फाइल १० एमबीची धरली, तर एका कार्याला २० जीबी लागतात. वडील फक्त जेपेग काढतात. मुलगा मात्र रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या, फाइलीही ठेवतो, ज्या प्रत्येकी २५ एमबीच्या आसपास असतात. दोन्ही प्रकार सगळेच्या सगळे ठेवायचे म्हटले तर एका कार्याला ७० जीबी आणि वर्षाला १.४ टीबी होतात. अल्बमसाठी निवडलेल्या सुमारे ३०० फोटोंच्याच रॉ फाइली ठेवल्या, तर हाच आकडा वर्षाला साधारण ५५० जीबीवर येतो.

या एका मुद्द्यावर बापलेकांत दोन दिवस वाद झाला. मुलाचे म्हणणे, रॉ म्हणजे आजची निगेटिव्ह, आणि निगेटिव्ह कोणी टाकत नाही. वडिलांचे म्हणणे, अक्षता पडताना सलग घेतलेल्या चाळीस फोटोंतील एकोणचाळीस फोटोंची निगेटिव्ह ठेवून काय करायचे. मला वडिलांचे पटले. शेवटी अल्बम घरी पोहोचल्यानंतर सहा महिने सर्व रॉ ठेवायच्या आणि मग निवडलेल्याच ठेवायच्या, असे ठरले. चित्रीकरण या हिशोबात घेतले नाही. सेकंदाला १०० मेगाबिटने काढलेले चित्रीकरण तासाला ४५ जीबी खाते, आणि ते गिऱ्हाइकाला दिल्यावर एक वर्षानंतर पुसले जाईल, हे पावतीवरच छापायचे ठरवले.

म्हणजे आजचे २.४ टीबी आणि वर्षाला साडेपाचशे जीबी. ४ टीबीची डिस्क जेमतेम तीन वर्षे पुरणार होती. हे कमी वाटले तरी चालणारे होते, कारण पोर्टेबल डिस्क चार-पाच वर्षांनी तशीही बदलावी, असे माझे मत आहे. खरेदीनंतर मुलाचा फोन आला की खोक्यावर ४ टीबी लिहिले आहे आणि विंडोज ३.६३ दाखवते, आपल्याला फसवले. त्यात फसवणूक नसते. कंपनी हजाराच्या पटीने मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीने, एवढाच तो फरक आहे.

एसएसडी की हार्ड डिस्क

मुलाची पहिली पसंती ४ टीबीच्या एका एसएसडीला, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, होती. ती लहान असते, तिच्यात फिरणारा भाग नसतो, पडली तरी बहुधा काही होत नाही, आणि चांगली पोर्टेबल एसएसडी सेकंदाला ५०० ते १,००० एमबी वेगाने लिहिते, तर २.५ इंची पोर्टेबल हार्ड डिस्क १०० ते १३० एमबीच्या पुढे सहसा जात नाही. हे सगळे खरे आहे. तरीही मी तिला नकार दिला, आणि त्यामागे पैसा हे एकमेव कारण नव्हते, जरी त्या एका एसएसडीच्या किमतीत जवळपास दोन हार्ड डिस्क आणि एक लहान एसएसडी येत होती.

एसएसडीत माहिती सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात असते आणि हा भार, वीज न मिळता ती पडून राहिली तर, फार सावकाश गळतो. उष्णता वाढली की गळती वाढते. घरगुती वापराच्या एसएसडीसाठी असलेल्या, जेडेक या चिप उद्योगाच्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा अशी आहे की ठरलेले सर्व लेखन करून झिजल्यानंतरही, वीज नसताना ३० अंश सेल्सिअसला, तिने एक वर्ष माहिती टिकवावी. नवी एसएसडी यापेक्षा पुष्कळ अधिक टिकवते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण कपाटात ठेवून दोन-दोन वर्षे विसरण्याची वस्तू ती नव्हे, आणि या स्टुडिओत डिस्क कपाटात ठेवून विसरण्याचाच इतिहास होता. दुसरे असे की हार्ड डिस्क बहुधा आधी कुरकुरते, टकटक करते, मंदावते, म्हणजे माणसाला थोडा वेळ देते. एसएसडी बऱ्याचदा काल चालू आणि आज बंद अशी जाते. शिवाय एसएसडीवरून चुकून पुसलेली फाइल परत मिळवणेही अनेकदा शक्य नसते, कारण पुसलेली जागा मोकळी झाल्याचे तिला कळवले की ती स्वतःच ती जागा साफ करून टाकते.

उलट बाजूने हार्ड डिस्कचा दोष रस्त्यात दिसतो. बंद असताना तिचे वाचक काटे बाजूला उभे असतात आणि दुचाकीच्या डिकीतील धक्के ती बऱ्यापैकी सोसते, पण चालू असताना टेबलावरून हातभर जरी खाली आली तरी तबकडीवर ओरखडा उठू शकतो. मंगल कार्यालयात लॅपटॉप खुर्चीवर, चार्जरची वायर पायवाटेत आणि भोवती पंगतीला निघालेली मुले, अशा ठिकाणी चालू हार्ड डिस्क ठेवू नये. मुलगा रात्री दहानंतर जांबोटीच्या रस्त्याने पावसात दुचाकीवर परत येतो, हे ऐकल्यावर प्रवासासाठी एसएसडी आणि साठवणीसाठी हार्ड डिस्क अशी विभागणी आपोआप झाली.

हार्ड डिस्क घेताना आणखी एक गोष्ट सांगावी लागली. मोठ्या क्षमतेच्या २.५ इंची डिस्कमध्ये आता बहुतेक ठिकाणी एसएमआर पद्धत असते, ज्यात माहितीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. खानापूर तालुक्यातील माणसाला हे समजावणे सोपे आहे, कारण मंगलोरी कौलांचे छप्पर घरोघर आहे: नवी कौले ओळीने रचत जाणे सोपे, पण मधले एक कौल बदलायचे तर त्यावर चढलेली कौले आधी उचलावी लागतात. अशी डिस्क एकदा भरून ठेवण्याच्या कामाला चांगली असते. तिच्यावरच रोज फोटो दुरुस्त करत बसले की ती मधूनच गळपटते आणि माणसाला वाटते, बिघडली. म्हणून या डिस्कवर फक्त उतरवायचे, काम करायचे नाही, असा नियम घातला.

इतर पर्याय लवकर संपले. ३.५ इंची मोठी बाह्य डिस्क जागेच्या मानाने स्वस्त पडते, पण तिला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाईट जाणाऱ्या गावात, आणि दर पंधरवड्याला बेळगावला न्यायची म्हटल्यावर, ती गैरसोयीची होती. पेन ड्राइव्ह गिऱ्हाइकाला फोटो देण्यापुरता ठीक असतो. मुलाने एका ऑनलाइन विक्रेत्याकडून अगदी स्वस्तात '१६ टीबी'ची एक बोटभर वस्तू मागवली होती आणि ती तो मोठ्या अभिमानाने घेऊन आला होता. एच२टेस्टडब्ल्यू या तपासणी प्रणालीने ती भरून पाहिली, तेव्हा आतील खरी जागा ६४ जीबीच्याही आत निघाली. अशा वस्तूत संगणकाला खोटा आकडा सांगणारी व्यवस्था केलेली असते. खरी जागा संपली की नवे लेखन जुन्यावरच चढते किंवा हवेत जाते, फाइलींची नावे मात्र सगळी दिसत राहतात. सुदैवाने तोवर त्यात एका बारशाचेच फोटो होते आणि त्यांचे मेमरी कार्ड अजून पुसलेले नव्हते.

क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरील साठवणीचा, प्रश्न वडिलांनीच काढला, कारण त्यांचे मोबाइलवरचे फोटो 'वर जातात' हे त्यांना ठाऊक होते. गुगल फोटोजमधील अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आणि आता सर्व सेवा मिळून १५ जीबी फुकट मिळतात, एवढे सांगितल्यावर त्यांचा उत्साह ओसरला. पैसे भरण्याची तयारी दाखवली, तरी सेकंदाला २० मेगाबिटचा अपलोड वेग अखंड मिळाला तर २.४ टीबी चढवायला अकरा दिवस लागतात, आणि अखंड ही गोष्ट खानापुरात जून ते सप्टेंबर कोणत्याच तारेला लागू नाही. तरी अल्बमसाठी निवडलेले तयार फोटो, कार्यामागे एक-दोन जीबी, तेवढे क्लाउडवर ठेवायचे ठरले. मला हे महत्त्वाचे वाटते, कारण परत मागायला येणारे गिऱ्हाईक बहुधा तेच फोटो मागते.

काय घेतले

४ टीबीच्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्क, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि ५०० जीबीची एक पोर्टेबल एसएसडी, अशी खरेदी जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाली. वेगळ्या कंपन्या यासाठी की एकाच खोक्यातून आलेल्या दोन डिस्क एकाच दोषाच्या आणि एकाच वयाच्या असू शकतात. सर्व मूळ फोटो संगणकाच्या आतील डिस्कवर एकत्र आणले, जिची तपासणी चांगली निघाली होती, आणि त्याच्या दोन पूर्ण प्रती या दोन डिस्कवर झाल्या. छायाचित्रकारांत रूढ असलेला ३-२-१ हा नियम, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, यात सर्व जुन्या कामाला अक्षरशः लागू होत नाही, कारण तिन्ही प्रती हार्ड डिस्कवरच आहेत. मी त्याबाबत आग्रह धरला नाही. दुसरी जागा मात्र सोडली नाही.

दुसरी जागा म्हणजे वडगावातील आत्याचे घर. मुलगा अल्बमच्या छपाईसाठी दर पंधरा दिवसांनी बेळगावला येतोच. येताना ताजी प्रत असलेली डिस्क आत्याकडे ठेवायची आणि तिथली घेऊन परत जायचे. वडिलांनी आधी बँकेच्या लॉकरचा विचार केला होता, पण लॉकरला वेळ काढून जावे लागते आणि आत्याकडे चहासाठी जाणे होतेच, हे त्यांनाच सुचले. आत्याच्या कपाटात स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा आहे आणि त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आहेत, ज्या बूट आणि औषधांच्या खोक्यांतून गोळा केलेल्या आहेत.

केबलविषयी एक सूचना इथे करावीशी वाटते, कारण तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बऱ्याच पोर्टेबल हार्ड डिस्कला अजून रुंद, चपटे मायक्रो-बी टोक असते आणि ते वारंवार काढघाल केल्याने सैल होते; डिस्क मध्येच नाहीशी होते ती कित्येकदा केबलमुळे. काही डिस्कचा जोड थेट आतील पाटीवरच बसवलेला असतो, त्यामुळे तो तुटला तर आतील डिस्क काढून दुसऱ्या खोक्यात घालता येत नाही. आम्ही प्रत्येक डिस्कची एकेक जादा केबल घेतली.

सांकेतिक कुलूप, म्हणजे पासवर्डने माहिती बंद करणे, आम्ही लावले नाही. लोकांच्या घरचे फोटो आहेत, डिस्क हरवली तर ते परक्याच्या हाती जातील, हा मुलाचा आक्षेप चुकीचा नव्हता. परंतु वडील मोबाइलचा पासवर्ड भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवतात, आणि काही डिस्कमध्ये हे कुलूप बाहेरच्या पाटीवरच असते, ती जळली की आतील माहिती शाबूत असूनही वाचता येत नाही. मी तोलून पाहिले आणि हरवण्यापेक्षा विसरण्याची भीती मोठी ठरवली. दुसऱ्या स्टुडिओत मी कदाचित उलट सल्ला देईन.

पहिली भरणी आणि तिच्यातील चूक

पहिल्या दिवशी डिस्क भरायला घेतली तेव्हा विंडोज एकोणीस तास दाखवत होते. स्टुडिओत सगळी उपकरणे संगणकाच्या पुढच्या बाजूला लावण्याची पद्धत होती आणि ते दोन्ही जोड यूएसबी २.० चे होते, जिथे प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास थांबतो. मागच्या बाजूचा निळा जोड यूएसबी ३.० चा होता आणि बारा वर्षे त्याला कोणी हात लावला नव्हता. तिथे लावल्यावर तेच काम सात तासांच्या आत बसले. मधे लाईट गेलीच, पण यूपीएसच्या दहा मिनिटांत चालू फोल्डर थांबवून डिस्क रीतसर बाहेर काढता आली.

साठवणीच्या डिस्क एनटीएफएस या फाइली मांडण्याच्या पद्धतीने तयार केल्या, कारण सर्व संगणक विंडोजचे आहेत आणि अचानक वीज गेल्यास ही पद्धत स्वतःला बऱ्यापैकी सावरते. एसएसडी एक्सफॅट ठेवली, म्हणजे ती मॅक आणि मोबाइललाही लागते. एफएटी३२ कुठेच ठेवली नाही, कारण तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

चूक नंतर कळली. मुलाने पहिली भरणी नेहमीच्या कॉपी-पेस्टने केली होती, आणि मध्ये काही वेळा आलेल्या सूचनेवर 'वगळा' दाबले होते. मूळ आणि प्रत यांतील फाइलींची संख्या मोजली तेव्हा १,१०० हून अधिक फाइली कमी भरल्या, आणि त्या सगळ्या २०१४ ते २०१७ मधल्या काही ठरावीक लग्नांच्या होत्या. कारण गमतीचे निघाले. त्या काळात वडील फोल्डरचे नाव लग्नपत्रिकेवरून जसेच्या तसे उतरवत असत: चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक यांचा शुभविवाह, त्यात मंगल कार्यालयाचे नाव, त्यात हळदीचे फोल्डर पुन्हा त्याच पूर्ण नावाने. विंडोजच्या नेहमीच्या व्यवहारात फाइलीचा संपूर्ण मार्ग २६० चिन्हांत बसावा लागतो, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलंत ही सगळी वेगळी चिन्हे म्हणून मोजली जातात; नुसता 'श्री' हा शब्द चार चिन्हे खातो. पत्रिकेचा मायना त्या मर्यादेबाहेर गेला होता.

उरलेल्या फाइली रोबोकॉपी या विंडोजमधीलच साधनाने उतरवल्या, कारण त्याला लांब मार्ग चालतात. पुढे रोजच्या प्रतीही त्यानेच होतात. मात्र त्यातील हुबेहूब प्रतिबिंब करणारा पर्याय मुद्दाम टाळला आहे, कारण मूळ ठिकाणी चुकून पुसलेले लग्न तो पर्याय प्रतीवरूनही इमानेइतबारे पुसतो. नवी फोल्डरे आता तारीख, गाव आणि आडनाव एवढ्यावर भागतात. वडिलांना हे नाव रुक्ष वाटते, म्हणून संपूर्ण पत्रिकेचा मजकूर आत एका लहान फाइलीत ठेवण्याची मुभा त्यांना आहे.

एका हंगामानंतर

कार्याच्या रात्रीचा क्रम आता ठरलेला आहे. कार्यालय सोडण्यापूर्वी कार्डवरील फोटो लॅपटॉपमार्फत एसएसडीवर उतरतात, कार्ड मुलाच्या शर्टच्या खिशात आणि एसएसडी पाठीवरच्या पिशवीत, म्हणजे पिशवी पडली तरी कार्ड अंगावर राहते. घरी आल्यावर मूळ संगणकावर आणि तिथे असलेल्या पोर्टेबल डिस्कवर प्रत होईपर्यंत कार्ड पुसायचे नाही. त्यासाठी दोन जादा कार्डे घ्यावी लागली आणि हा खर्च आमच्या पहिल्या अंदाजात नव्हता.

तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होण्याआधी एक तपासणी ठेवली आहे. वडील चिठ्ठ्या टाकून दहा फोल्डर काढतात, मुलगा ते आत्याकडच्या डिस्कवरून लॅपटॉपवर उघडतो आणि प्रत्येकातील शेवटची फाइल तळापर्यंत दिसते का हे पाहिले जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये दहाही उघडले. शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत एसएसडीची केबल तुटली, ती दुसऱ्या दिवशी बदलली. पंधरवड्याची अदलाबदल मे महिन्यात दोनदा चुकली, कारण त्या महिन्यात मुलाला जेवायलाही वेळ नव्हता, आणि मोठ्या मुहूर्तांचे सहा आठवड्यांचे काम तेवढा काळ एकाच छपराखाली राहिले. यावर एसएसडी मोठी घेऊन मे-जूनचे फोटो तिच्यावरून पुसायचेच नाहीत, असा उपाय मी सुचवला आहे. वडिलांना तो पटलेला असून पैशाचे दिवाळीनंतर बघू, असे त्यांचे उत्तर आहे.

२००९ ते २०११ च्या डीव्हीडींचे काम अजून चालू आहे. पावसाळ्यांनी काहींच्या कडा पांढुरक्या झाल्या आहेत आणि एका ड्राइव्हमध्ये न वाचलेली डीव्हीडी दुसऱ्या जुन्या ड्राइव्हमध्ये कधी कधी वाचली जाते, म्हणून माझ्या दुकानातील तीन जुने ड्राइव्ह त्यांच्याकडे नेऊन ठेवले आहेत. दुपारी गिऱ्हाईक नसले की वडील एकेक डीव्हीडी पुसून घालतात आणि वाचली तर तिच्या कव्हरवर हिरव्या पेनाने खूण करतात.